खुंटा, वेढा आणि बोट

डोंगरकड्याच्या माणसाने बोटी बांधण्यावर लेख लिहावा, याची काही वाचकांना मौज वाटेल. आमचे डोंगरकडा हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सरळ रेषेत मोजले तरी समुद्र तिथून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. गावाच्या नावात डोंगर आहे, कडा आहे. पाण्याचे नाव नाही. ‘बोट’ म्हटले की आमच्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी हाताचे बोट आठवते, आणि ‘नांगर’ म्हटले की औताचा नांगर. समुद्रावरही नांगर असतो आणि तो जमीन उलथण्याऐवजी जमिनीत रुतून बसण्यासाठी असतो, हे ऐकून माझ्या आजोबांनी “म्हणजे आपल्या गड्यासारखाच की!” असा शेरा मारला होता. (कोशकारांच्या मते हे दोन नांगर सख्खे भाऊ नव्हेत. शेतातला संस्कृत ‘लांगल’चा वंशज, तर समुद्रावरचा फारसी ‘लंगर’चा. मराठीच्या घरात येऊन दोघांनी एकच नाव लावले, एवढेच.)

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका माउलीच्या प्रश्नामुळे. माझा एक जुना विद्यार्थी, केळीच्या बागाइतदाराचा मुलगा, व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून लागला आहे. सुटीवर आला म्हणजे तो मला भेटायला येतो. त्याची आई दर फोनला त्याला एकच विचारते, “बोट नीट बांधली का रे?” रात्री निजण्यापूर्वी ‘बैल बांधले का’ म्हणून विचारण्याची तिची तीस वर्षांची सवय, तीच तिने समुद्रावर नेली. मुलगा हसून सांगत होता. मी सहज विचारले, “मग कशी गाठ मारता तुम्ही?” तर म्हणाला, “सर, एवढं मोठं जहाज असतं. पण धक्क्यावर गाठ अशी मारतच नाही आम्ही.”

हे मला नवे होते. आम्हां मराठीच्या मास्तरांना गाठीचे भारी कौतुक. जीवाशी गाठ, खूणगाठ, रेशीमगाठ, ब्रह्मगाठ. सगळा संसार आम्ही गाठीवर चालवतो. आणि हजारो टनांचे धूड बिनगाठीचे उभे राहते! तेव्हापासून मुंबईला गेलो की गेटवे ऑफ इंडिया किंवा भाऊचा धक्का गाठायचा आणि खलाशांचे हात पाहत उभे राहायचे, असा मला नाद लागला. घरच्या मंडळींनी त्या काळात पुष्कळ भेळ खाल्ली.

आधी गाठीचेच बोलू. आपल्या भाषेने तिच्या दोन जाती फार नेमक्या ओळखल्या आहेत. एक सुरगाठ, दुसरी निरगाठ. सुरगाठीचे टोक ओढले की ती सुटते. निरगाठ ओढावी तितकी आवळते. गोठ्यात दावे बांधावे ते सुरगाठीने, हे आमच्याकडे पोरासोरांना बोलायला लागल्यापासून शिकवतात. त्याचे कारण मी दहा वर्षांचा असताना डोळ्यांनी पाहिले. गावाबाहेरच्या एका वस्तीवर ऐन उन्हाळ्यात गोठा पेटला. धूर इतका की आत जाणाऱ्या माणसाला स्वतःचा हात दिसेना. सुरगाठीने बांधलेली जनावरे एकेका हिसक्यासरशी मोकळी झाली. एका कालवडीचे दावे मात्र कोणी नवख्याने निरगाठीने बांधले होते. ती भिऊन मागे ओढत होती, आणि ती ओढेल तशी गाठ आवळत होती. कोणीतरी विळा शोधून आणीपर्यंत उशीर झाला.

बोट बांधणाऱ्यापुढे हीच अडचण फार मोठी होऊन उभी असते. दोर असा धरला पाहिजे की वाऱ्याने, लाटेने, शेजारून गेलेल्या जहाजाच्या ओढीने तो सुटता कामा नये. आणि सोडायची वेळ आली की, ताण असो वा नसो, तो ताबडतोब मोकळा झाला पाहिजे. साध्या गाठीला या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. खूप ताण आला की सुरगाठ विश्वासाची राहत नाही आणि निरगाठ पुन्हा सुटत नाही. म्हणून दर्यावर्दी माणसाने गाठीचा नाद सोडला आणि वेढ्याचा आधार घेतला.

वेढा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गोऱ्ह्याच्या नाकात पहिल्यांदा वेसण घालायची असते तेव्हा चार गड्यांनाही तो आवरत नाही. मग दोर निंबाच्या बुंध्याभोवती दोनदा फिरवून घेतात, आणि टोक एखाद्या पोराच्या हातात देतात. गोऱ्हा डोळे पांढरे करून ओढतो आणि पोरगे आरामात उभे असते. जोर पोराचा नसतो, बुंध्याचा असतो.

या वेढ्याचे गणित अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने मांडले. (आमच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक हे नाव घेताना, गवई आपल्या गुरूचे नाव घेताना लावतात तसा, कानाला हात लावतात.) मर्म असे की प्रत्येक वेढ्यागणिक धरण्याची शक्ती बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते, थेट सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी. दोर आणि खुंटा यांच्यातले घर्षण बेताचे, म्हणजे ०.३ एवढे धरले, तर एका पूर्ण वेढ्याने हातातला जोर सुमारे ६.५ पट होतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट, आणि तीन वेढ्यांनी २८० पटींहून अधिक. म्हणजे ५ किलोची पिशवी धरायला लागतो तेवढा जोर लावून तीन वेढ्यांच्या बळावर १४०० किलोंची ओढ थोपवता येते. आणि खरी गंमत पुढेच आहे. टोक सैल केले की तेवढाच दोर हळूहळू सरकू देता येतो, आणि टोक सोडून वेढे उलगडले की सगळे मोकळे. आवळून बसलेले असे काही उरतच नाही.

बोटींवरची आणि धक्क्यावरची सारी बांधण्याची साधने या एका वेढ्याची लेकरे आहेत. गेटवेला घारापुरीच्या लाँचीवर नीट पाहा. कडेला लाकडाची किंवा लोखंडाची, दोन्ही बाजूंना शिंगे काढलेली एक आडवी खुंटी ठोकलेली असते. तिला इंग्रजीत क्लीट म्हणतात. खलाशी दोर आणतो तो आधी दोन्ही शिंगांच्या बुडातून एक पूर्ण वेढा देतो. मग एका शिंगावरून तिरपा दुसऱ्या शिंगाखाली, पुन्हा उलट, असा आठाचा आकडा काढतो. आठ इंग्रजी हं. आपला मराठी ८ इथे कामाचा नाही. शेवटी एक पीळ देऊन दोर शिंगात अडकवला की झाले. नवशिके लोक बुडातला वेढा न देताच आठ काढू लागतात, किंवा भीतीपोटी आठावर आठ चढवून खुंटीचा वारूळ करतात. जुना तांडेल दोन आठांवर थांबतो. त्याला ठाऊक असते की पहिल्या वेढ्यानेच बरेचसे काम केले आहे. त्या गर्दीत एका लाँचीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा लाँची एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि साड्या सावरत, पोरांना बखोटीला धरत आपण एकीवरून दुसरीवर पाय टाकत जातो. त्या वेळी आपले सारे कुटुंब त्या शिंगांच्या खुंट्यांवर टांगलेले असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, ते बरेच आहे.

मोठ्या जहाजांसाठी धक्क्यावर जे लोखंडी खुंट रोवलेले असतात ते बोलार्ड. डोके मोठे, मान बारीक, पाय धक्क्याच्या पोटात खोल पुरलेले. मान बारीक ती दोर बसावा म्हणून, आणि डोके मोठे ते जहाज भरतीने वर उचलले गेले तरी दोर निसटू नये म्हणून. युरोपातल्या बंदरांत निकामी झालेल्या तोफा जमिनीत उभ्या पुरून त्यांचेच असे खुंट करीत. ज्या तोफांनी जहाजे बुडवली त्यांच्याच गळ्यात पुढे जहाजांनी दोर टाकले! मुंबईकर वाचकांसाठी एक खुलासा. बॅलार्ड पिअरचा या बोलार्डशी काही संबंध नाही. ते नाव मुंबईच्या पोर्ट ट्रस्टच्या उभारणीशी जोडलेल्या कर्नल बॅलार्ड यांचे. भाऊचा धक्का मात्र खराखुरा एका भाऊंचा, म्हणजे तो बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांचा.

जहाज धक्क्याला लागते कसे? जहाजावरून एक बारीक दोरी फेकतात; टोकाशी वजनदार गोंडा. धक्क्यावरची माणसे ती पकडून ओढतात, तिच्यामागून मांडीएवढा जाड दोर पाण्यातून वर येतो. त्याच्या टोकाला विणून केलेला कायमचा फासा असतो; तो बोलार्डच्या मानेत घातला की किनाऱ्याचे काम संपले. वेढे, ताण, सैल करणे हे सारे जहाजाच्या बाजूला, तिथल्या जोडखुंटांवर आणि यंत्रांवर. पुढून एक दोर पुढे जातो, मागून एक मागे. मधले काही आडवे. शिवाय पुढच्या टोकाकडून निघून तिरपे मागे जाणारे आणि मागून निघून तिरपे पुढे येणारे दोर असतात. या तिरप्या दोरांमुळेच जहाज धक्क्याच्या कडेने पुढेमागे घसरत नाही.

यातली एक रीत मला फार आवडली. एकाच बोलार्डवर दोन जहाजांचे दोर आले, तर दुसऱ्याने आपला फासा पहिल्याच्या फाशावर नुसता थापायचा नाही. पहिल्याच्या फाशातून खालून वर ओढून घ्यायचा आणि मग खुंटावर चढवायचा. असे केले की दोघांपैकी कोणीही, कधीही, दुसऱ्याला न हलवता आपला दोर काढून निघू शकतो. चाळीतल्या सामाईक दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या भगिनींना यातले मर्म मी निराळे सांगायला नको.

मुंबईच्या गोद्या का बांधल्या, याचे एक कारणही या दोरांत दडलेले आहे. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाणी साडेचार-पाच मीटर वरखाली होते. म्हणजे जवळजवळ दीड मजला. भरतीला ताणून बांधलेला दोर ओहोटीला जहाजाचे ओझे उचलू लागतो, आणि ओहोटीला बांधलेला भरतीला लोंबकळतो. रात्रंदिवस माणसे दोरांपाशी हवीत. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक (आजचे इंदिरा डॉक) झाले. गोदीला दरवाजे लावून आतले पाणी कोंडून धरता येते. मग जहाज शांत तळ्यात उभे राहावे तसे राहते, आणि माल चढवणे-उतरवणे सोपे होते. १९८९ पासून चालू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात दरवाजे नाहीत. तिथल्या जहाजांना वरखाली होणाऱ्या पाण्याबरोबर दोर घट्ट-सैल करीत राहावे लागते. पूर्वी हे माणसांच्या हातांनी व्हायचे, आता पुष्कळ ठिकाणी यंत्रे करतात.

त्याआधीच्या काळात तर पावसाळ्यात बोट बांधण्यापेक्षा ती पाण्याबाहेर काढणेच शहाणपणाचे मानीत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीचा विचार केला आहे, तो याच अनुभवातून. कोकणातल्या कोळीवाड्यांत आजही नारळी पौर्णिमेपर्यंत कित्येक होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या दिसतात.

आता दोर. आणि इथे आमच्या डोंगरकड्याला अकस्मात मान मिळतो. जुन्या काळी जहाजांचे दोर आपल्याकडे काथ्याचे असत. पुढे साऱ्या जगात नाव झाले ते मनिला दोराचे. हा दोर फिलिपीन्समधल्या अबाका नावाच्या झाडाच्या धाग्यांपासून होतो. आणि अबाका म्हणजे आपल्या केळीची चुलत बहीण! खाऱ्या पाण्यात तो धागा लवकर कुजत नाही. आमच्या भागात कालव्याच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. हार-गजरे बांधायला केळीचे सोपट वापरतात ते आपण सगळेच जाणतो. त्याच कुळाच्या सोपटाने शे-दीडशे वर्षे जगातली जहाजे बांधली गेली, हे मी माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितले. त्यांनी बागेकडे एकदा नव्याने पाहून घेतले, आणि “मग भाव का मिळत नाही?” असे विचारले. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि काथ्या-मनिला मागे पडले. नायलॉन बळकट, हलके, कुजत नाही. पण त्यात एक काळ लपलेला आहे. ते रबरासारखे ताणते, आणि ताणताना सगळा जोर पोटात साठवून ठेवते. जुना दोर तुटण्यापूर्वी करकरत असे, त्याचे धागे एकेक करून उभे राहत. माणसाला बाजूला व्हायला क्षण मिळे. ताणलेले नायलॉन तुटते ते बहुधा इशाऱ्यावाचून, आणि तुटलेले टोक चाबकासारखे मागे फिरते. त्या वाटेत माणूस आला तर हातपाय मोडतात, जीवही जातो. म्हणून जहाजावर नव्या माणसाला पहिला धडा देतात तो कुठे उभे राहायचे नाही याचा. माझ्या विद्यार्थ्याच्या एका सोबत्याचा पाय असा गेला. हे त्याने मला सांगितले, आईला सांगितलेले नाही. “सर, तिला बोट नीट बांधली एवढंच सांगतो मी. ते खरंच असतं.”

दोर सोडण्याची सोयदेखील जिवाशी निगडित असते. तेलवाहू जहाजांच्या धक्क्यांवर साध्या बोलार्डऐवजी असे आकडे बसवतात की कितीही ताण असला तरी एक दांडा ओढला की दोर सुटावा. आग लागली तर जहाज तत्काळ दूर नेता यावे म्हणून. अर्थात नुसते दोर सुटून भागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ पेटले तेव्हा त्याच्या पोटात कापूस होता आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. त्याच्या इंजिनाचे भाग दुरुस्तीसाठी उघडलेले होते. त्याला स्वतःहून हलता येत नव्हते. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांनी गोदी हादरली. शेजारचे ‘जलपद्मा’ जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. तेवढ्या जोरापुढे कसला दोर आणि कसला खुंट!

उलट बाजूचे उदाहरण आपल्या सर्वांच्या आठवणीतले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या भागात पी-३०५ नावाचा तराफा उभा होता. तेलक्षेत्रावर काम करणारी २६१ माणसे त्यावर राहत होती. अशा तराफ्याला स्वतःचे इंजिन नसते. चहूकडे टाकलेले नांगर आणि त्यांचे दोर हाच त्याचा सारा आधार. १७ मे रोजी ते नांगर धरेनासे झाले. तराफा भरकटला, एका निर्मनुष्य फलाटावर आदळला, आणि बुडाला. नौदलाने उसळत्या पाण्यातून १८६ जणांना वाचवले. बाकीचे परतले नाहीत. त्या रात्री कितीतरी घरांतून कोणीतरी फोन लावत बसले असेल.

समुद्र नसला म्हणून आमच्या जिल्ह्यात बोट नाही असे मात्र नव्हे. पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे आणि त्याच्या जलाशयावर मासेमारीच्या होड्या चालतात. तिथली अडचण आणखी निराळी. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा येते-जाते; धरणाचे दिवाळीला काठोकाठ भरलेले पाणी मेअखेर कुठल्या कुठे गेलेले असते. पाणी हटेल तसा खुंटाही हलवावा लागतो. मी पाहिला तो खुंटा बाभळीचा, चिखलात तिरपा ठोकलेला. डोके पाण्यापासून लांब झुकलेले. तिरपा का, म्हणून मी विचारले. होडीवाल्याने माझ्याकडे शिकलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाला, “तंबूची मेख कशी ठोकता तुम्ही?”

जहाज निघते तेव्हाचा क्रम मी भाऊच्या धक्क्यावर निवांत उभा राहून पाहिला आहे. आता तिथून मांडव्याला मोटारी पोटात घेऊन जाणारी मोठी बोट सुटते. २०२० पासून ती चालू आहे. निघण्याची वेळ झाली की आधी जादा दोर काढतात. पुढे एक आणि मागे एक एवढेच राहतात. मग बोटीवरचा माणूस दोर सैल करतो. तो सैल झाल्यावाचून खालचा माणूस फाशाला हात लावीत नाही; ताणाखालच्या फाशात बोटे घालणाराची बोटे राहत नाहीत. दोराला पोट आले की तो फासा दोन्ही हातांनी उचलतो, खुंटाच्या डोक्यावरून काढतो आणि सोडून देतो. दोर पाण्यात पडतो, वर ओढला जातो. धक्क्यावरचा माणूस पँटला हात पुसतो आणि चहाच्या टपरीकडे चालू लागतो. खुंट तिथेच असतो. डोक्यावरचा रंग शाबूत, आणि मान दोरांनी घासून घासून आरशासारखी चकाकलेली.